माळ्यावरचा स्कॅनर पुन्हा चालू करताना : ड्रायव्हर हाताने बसवण्याची सविस्तर पद्धत

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या मामांच्या घरी माळा आवरायला काढला, तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेला एक चपटा स्कॅनर खाली आला. त्याच माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत वाड्याच्या भाडेपावत्या, घरपट्टीच्या पावत्या आणि आजोबांची पत्रे होती. त्यांतल्या बऱ्याच कागदांवर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर घरात शिरलेल्या पाण्याचे तपकिरी डाग अजून आहेत. मामांचे म्हणणे सरळ होते : यंत्र घरात आहे, संगणक घरात आहे, मग असले कागद दुकानदाराच्या हाती कशाला द्यायचे? त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरून सेटअप प्रोग्राम उतरवून घेतला, तो चालवला, आणि या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे सॉफ्टवेअर बसवता येत नाही, एवढा निरोप देऊन तो बंद झाला. मामांनी तो तीन वेळा चालवून पाहिला आणि चौथ्या वेळेआधी मला फोन केला.

बहुतेक घरांत स्कॅनर याच टप्प्यावर भंगारात जातो. वास्तविक इथे अडलेला असतो तो सेटअप प्रोग्राम, आणि त्याच्या पोटातला ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि स्कॅनर यांच्यात दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्राम, पुष्कळदा चालण्याजोगा असतो. सेटअप प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या काळी बाजारात असलेल्या विंडोजच्या आवृत्त्यांची यादी त्यात घातलेली असते. त्या यादीत आपल्या विंडोजचे नाव नसले की तो पुढे जात नाही. ड्रायव्हरच्या फायली बाहेर काढून आपण त्या थेट विंडोजच्या हवाली केल्या, तर ही यादी मधे येत नाही. या लेखात त्याच कामाची पद्धत दिली आहे. विंडोज १० आणि ११ मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवली आहेत, आणि ज्यांना लिनक्स या दुसऱ्या, मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची वाट धरावी लागेल त्यांच्यासाठीही पुढे लिहिले आहे. पडद्यावर मेनूंची नावे रोमन लिपीत दिसतील. येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. कागद काचेवर ठेवल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंत पाच दुवे जुळावे लागतात : यंत्र व त्याची वीज, यूएसबीची जोडणी, ड्रायव्हर, विंडोजची पार्श्वभूमीत चालणारी स्कॅनसेवा, आणि शेवटी आपण उघडतो तो प्रोग्राम. कोणता दुवा तुटला आहे हे कळल्याशिवाय काहीही उतरवून बसवू नये. पहिला दुवा तुटलेला असताना तिसऱ्यावर केलेली मेहनत वाया जाते, आणि वर अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरांचा गाळ मागे राहतो.

आधी यंत्र तपासावे

स्कॅनर उलटा करून त्याच्या तळाशी किंवा बाजूला कुलपाचे चित्र असलेली सरकपट्टी आहे का, ते पाहावे. चपट्या स्कॅनरमध्ये काचेखाली कागद वाचणारी पट्टी पुढे-मागे सरकते, आणि वाहतुकीत ती आपटू नये म्हणून अनेक मॉडेलांना अशी कळ दिलेली असते. मामांच्या स्कॅनरची कळ बंद स्थितीत होती, कारण माळ्यावर ठेवताना त्यांनी स्वतःच ती काळजीपूर्वक लावली होती. कळ लावलेली असताना स्कॅन सुरू केल्यास आतून करकर असा आवाज येतो आणि मोटरवर ताण पडतो. असा आवाज आला तर लगेच केबल काढावी.

त्यानंतर वीज. स्कॅनरला स्वतंत्र ॲडाप्टर असेल, तर त्याच्यावर छापलेले व्होल्ट आणि स्कॅनरच्या मागे छापलेले व्होल्ट जुळतात की नाही, हे वाचून पाहावे. जुन्या घरात एका खोक्यात दहा ॲडाप्टर असतात आणि पिन बसते म्हणून दुसऱ्याचाच जोडला जातो. पातळ, हलक्या स्कॅनरांना ॲडाप्टर नसतो. ते यूएसबीतूनच वीज घेतात, आणि यूएसबी २.० चे एक पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देते. म्हणून असा स्कॅनर हबमधून न जोडता थेट संगणकाला, आणि टेबलावरचा संगणक असेल तर त्याच्या मागच्या बाजूच्या पोर्टला जोडावा. केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टवर काही जुने स्कॅनर अडखळतात. काळे पोर्ट उपलब्ध असेल तर आधी तेच वापरावे.

पुण्यातला पावसाळा आणि कोंदट माळा यांमुळे काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरलेले असू शकते. यंत्र एक-दोन दिवस कोरड्या खोलीत झाकण उघडे ठेवून राहू द्यावे. काच पुसताना पातळ द्रव कापडावर घ्यावा, काचेवर फवारू नये, कारण तो कडेने आत उतरतो. एवढे सगळे झाल्यावरच संगणकाकडे वळावे. (पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको, पण हे काम शक्यतो गुरुवारी काढू नये. ड्रायव्हर अर्धा बसलेला असताना वीज जाणे बरे नाही.)

संगणकाला यंत्र दिसते का?

स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि त्या खिडकीकडे पाहत स्कॅनरची केबल जोडावी. चार शक्यता असतात.

यादी अजिबात हलली नाही, संगणकाने जोडणीचा आवाजही केला नाही, तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा यंत्राचा आहे. केबल बदलून पाहावी. चौकोनी टोकाची ही केबल प्रिंटरलाही तीच लागत असल्याने शेजारपाजारी सहज मिळते. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ अशी ओळ आली, तर यंत्र जोडले गेले आहे पण आपली ओळख सांगू शकत नाही. हादेखील केबलचा, विजेचा किंवा आतल्या सर्किटचा दोष असतो, आणि जगातला कोणताही ड्रायव्हर तो दुरुस्त करू शकत नाही. ‘अदर डिव्हाइसेस’ या शीर्षकाखाली पिवळ्या त्रिकोणासह स्कॅनरचे नाव आले, तर समाधान मानावे : यंत्र धडधाकट आहे, ओळख पटते आहे, आणि उणीव केवळ ड्रायव्हरची आहे. चौथी शक्यता म्हणजे ‘इमेजिंग डिव्हाइसेस’खाली नाव नीट दिसते आहे, तरीही स्कॅन होत नाही. तसे असेल तर सेवा आणि प्रोग्राम यांविषयीच्या भागाकडे थेट जावे.

पिवळा त्रिकोण असलेल्या नावावर दोनदा क्लिक केल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात त्रुटीचा क्रमांक दिलेला असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही. याचे कारण बहुधा अपुरी वीज किंवा चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर हे असते. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी विंडोजला पटलेली नाही.

त्याच खिडकीत ‘डिटेल्स’ या भागात जाऊन ‘प्रॉपर्टी’च्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे यूएसबी या शब्दापुढे व्हीआयडी आणि त्यापुढे चार अक्षरे, मग पीआयडी आणि त्यापुढे चार अक्षरे, अशी ओळ दिसते. व्हीआयडी हा उत्पादकाचा क्रमांक आणि पीआयडी हा त्या मॉडेलचा. ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे मिळून हे क्रमांक बनतात. उदाहरणार्थ, ०४ए९ म्हणजे कॅनन, ०४बी८ म्हणजे एप्सन आणि ०३एफ० म्हणजे एचपी. ही ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवावी. यंत्रावर छापलेल्या मोठ्या अक्षरांतल्या नावापेक्षा ही ओळ अधिक विश्वासाची आहे, कारण विंडोज स्वतः ड्रायव्हर जुळवताना नाव पाहत नाही, हीच ओळ पाहते.

आणखी एक गोष्ट येथेच पाहून घ्यावी. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या वाटेने गेल्यास ‘सिस्टीम टाइप’समोर आपली विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, ते लिहिलेले असते. विंडोज ११ ही ३२ बिटमध्ये येतच नाही. तेथे ‘आर्म’ असा शब्द असेल, तर संगणकाचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे आणि इंटेल वा एएमडीच्या संगणकासाठी लिहिलेला ड्रायव्हर त्यावर बसणार नाही.

सेटअपच्या पोटातून ड्रायव्हर काढणे

काही वेळा हा सगळा खटाटोप करावाही लागत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स येथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’ या नावाखाली आपला स्कॅनर दिसत असेल, तर तो निवडून बसवावा आणि मोकळे व्हावे. तेथे नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे पान उघडून ड्रायव्हर शोधावा. पानावर आपल्या विंडोजचे नाव नसले तरी निराश होऊ नये. विंडोज ७ किंवा ८ साठीचा ६४ बिटचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. ‘फुकट ड्रायव्हर’ देणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळांपासून मात्र दूर राहावे. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारे असले प्रोग्राम स्वतःच एक उपद्रव असतात, आणि ते काढून टाकण्यात स्कॅनर चालू करण्यापेक्षा अधिक वेळ जातो.

उतरवलेली फाइल बहुधा एकच असते आणि तिच्यावर दोनदा क्लिक केले की सेटअप सुरू होतो. आपल्याला तो सुरू करायचा नाही. ७-झिप हा मोफत प्रोग्राम बसवून, त्या फाइलवर उजवे बटण दाबून ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडावी. अनेक सेटअप फायली म्हणजे गुंडाळलेली पेटीच असते आणि ७-झिप ती उघडतो. ज्या फाइलीला तो दाद देत नाही, तिच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. सेटअप चालवावा, भाषा निवडण्याची किंवा नकाराची खिडकी आली की ती बंद न करता तशीच ठेवावी, आणि विंडोजच्या तात्पुरत्या फायलींचा ‘टेम्प’ हा फोल्डर उघडून नुकत्याच तयार झालेल्या फोल्डरांत डोकवावे. सेटअपने आपले सामान तेथे सोडलेले असते. ते दुसरीकडे कॉपी करून घेतल्यावरच ती खिडकी बंद करावी, कारण जाताना तो सगळे आवरून जातो. मामांच्या बाबतीत नेमके हेच करावे लागले.

आता त्या फोल्डरात आयएनएफ हे विस्तारनाम असलेल्या फायली शोधाव्यात. ही साधी मजकुराची फाइल असते आणि ड्रायव्हरची कुंडली तिच्यात मांडलेली असते. ती नोटपॅडमध्ये उघडावी, काहीही बदलू नये, आणि शोधाच्या चौकटीत आपल्या पीआयडीची चार अक्षरे टाकावीत. एका पॅकेजमध्ये तीन-चार मॉडेलांच्या वेगवेगळ्या आयएनएफ फायली असू शकतात. ज्या फाइलीत व्हीआयडी आणि पीआयडी दोन्ही एकाच ओळीत सापडतील, तीच आपली. वरच्या ‘व्हर्जन’ या भागात ‘क्लास’समोर ‘इमेज’ असे लिहिलेले असेल, तर ती स्कॅनरचीच आहे याची खात्री होते. बहुउद्देशी प्रिंटर असेल तर छपाईची आयएनएफ वेगळी आणि स्कॅनची वेगळी असते.

ती ओळ कोणत्या शीर्षकाखाली आहे, हेही वाचावे. चौकोनी कंसातल्या शीर्षकाच्या शेवटी ‘एनटीएएमडी६४’ असे असेल, तर हा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजसाठी आहे. त्यातल्या ‘एएमडी’ या अक्षरांनी बिचकू नये; इंटेलच्या संगणकालाही हाच भाग लागू होतो. आपला क्रमांक फक्त ‘एनटीएक्स८६’ किंवा नुसत्या ‘एनटी’ असलेल्या शीर्षकाखाली असेल, तर तो ३२ बिटचा ड्रायव्हर आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो चालणार नाही. स्कॅनरच्या बाबतीत यूएसबीशी बोलणारा खालचा भाग पुष्कळदा विंडोजचा स्वतःचाच असतो आणि कंपनी केवळ वरचा भाग पुरवते. परंतु तो वरचा भाग ज्या सेवेत चालतो ती सेवा ६४ बिटची असल्याने त्यालाही ६४ बिटचेच असावे लागते. त्यात पळवाट नाही.

मामांच्या फाइलीत मी क्रमांक शोधला तेव्हा तो दोनदा सापडला : एकदा जुन्या शीर्षकाखाली आणि एकदा ‘एनटीएएमडी६४’खाली. म्हणजे ज्या ड्रायव्हरला सेटअप नाही म्हणत होता, तो ६४ बिटसाठी तयारच होता.

आयएनएफमध्ये एखादा शब्द बदलला तर काम होईल, असा मोह काहींना होतो. तसे करू नये. पॅकेजसोबत सीएटी विस्तारनामाची एक फाइल असते आणि तिच्यात इतर फायलींचे डिजिटल ठसे नोंदवून त्यांवर स्वाक्षरी केलेली असते. आयएनएफमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी ठसा जुळत नाही आणि विंडोज संपूर्ण ड्रायव्हर नाकारते.

विंडोजच्या हवाली करणे

आयएनएफवर उजवे बटण दाबून ‘इन्स्टॉल’ म्हणणे, ही सर्वांना सुचणारी पहिली गोष्ट. यूएसबी यंत्रांच्या बहुतेक आयएनएफ फायलींना ती पद्धत चालत नाही आणि तसा संदेश येतो. त्याने घाबरून जाऊ नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाच्या नावावर उजवे बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे. पुढच्या खिडकीत दोन पर्याय येतात. त्यांतला दुसरा, म्हणजे ‘ब्राउज माय कॉम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स’, हा घ्यावा. आयएनएफ ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर दाखवावा, उपफोल्डरही पाहावेत या चौकटीत खूण ठेवावी आणि ‘नेक्स्ट’ म्हणावे. क्रमांक जुळत असेल तर विंडोज आपण होऊन योग्य फाइल उचलते, आणि एखादा मिनिटभर विचार करून स्कॅनर ‘इमेजिंग डिव्हाइसेस’खाली नेऊन ठेवते.

तेवढ्याने भागले नाही, तर त्याच खिडकीत खाली ‘लेट मी पिक’ने सुरू होणारा पर्याय आहे. तो घेऊन यंत्राच्या प्रकारांच्या यादीतून ‘इमेजिंग डिव्हाइसेस’ निवडावे, मग ‘हॅव डिस्क’ दाबावे आणि ‘ब्राउज’ करून ती आयएनएफ फाइल स्वतः दाखवावी. समोर मॉडेलांची नावे येतील. आपलेच मॉडेल निवडावे. त्याच घराण्यातले शेजारचे मॉडेल चालेल असे समजून निवडले, तर विंडोज एक इशारा देते. तो धुडकावल्यास ड्रायव्हर बसतो खरा, पण पदरी कोड १० पडतो.

आधीच्या अर्धवट प्रयत्नांचा गाळ मधे येत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडावे, स्कॅनरच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी ‘अनइन्स्टॉल’ कराव्यात, आणि त्या वेळी ड्रायव्हरही काढून टाकण्याविषयी विचारणारी चौकट आल्यास तिच्यात खूण करावी. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व वरची कृती नव्याने करावी.

स्वाक्षरीवरून अडले असल्यास इंटरनेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करावे, ‘ट्रबलशूट’मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’पर्यंत जावे आणि ७ हा आकडा दाबून स्वाक्षरीची सक्ती त्या खेपेपुरती उठवावी. मार्ग खरा आहे, पण मी तो सुचवत नाही. विनास्वाक्षरीची फाइल कोणी हाताळली आहे की नाही, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्यावर असा प्रयोग एका स्कॅनरसाठी करणे मला पटत नाही. त्याआधी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर व्हीआयडी-पीआयडीची ओळ टाकून शोध घ्यावा. तेथे स्वाक्षरी असलेला ड्रायव्हर सापडला, तर त्याची कॅब फाइल ७-झिपने उलगडून वरच्याच पद्धतीने बसवता येते.

६४ बिटचा ड्रायव्हर नसेलच तर

कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर काढलाच नाही, असे स्कॅनर पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन वाटा व्यवहार्य आहेत. व्ह्यूस्कॅन हा सशुल्क प्रोग्राम हजारो स्कॅनरांचे ड्रायव्हर स्वतःच्या पोटात बाळगतो. त्याची चाचणी आवृत्ती चित्रावर खुणा छापते, पण आपला स्कॅनर चालतो की नाही हे पैसे भरण्याआधी तिच्यावरून कळते.

दुसरी वाट लिनक्सची, आणि ती फुकट आहे. लिनक्समध्ये स्कॅनरांसाठी ‘सेन’ नावाची यंत्रणा आहे आणि विंडोजने वाऱ्यावर सोडलेली बरीच जुनी यंत्रे ती सांभाळते. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला, तर डिस्कला हात न लावता स्कॅनर तपासता येतो : ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ हा प्रोग्राम उघडावा आणि यंत्र दिसते का ते पाहावे. दिसले नाही तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आधी ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ आणि मग ‘स्कॅनइमेज’ या आज्ञा चालवाव्यात, दुसरीपुढे उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतला एल जोडावा. पहिलीला यंत्र दिसले आणि दुसरीला दिसले नाही, तर यूएसबीची जोडणी ठीक आहे, पण त्या मॉडेलचा सेनमधला ड्रायव्हर सुरू नाही किंवा अस्तित्वातच नाही. सेनच्या संकेतस्थळावर मॉडेलवार यादी आहे आणि प्रत्येकापुढे आधार पूर्ण, चांगला, जुजबी की शून्य, ते लिहिलेले आहे. सुपरयूझर, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन चालवल्यावर यंत्र दिसते आणि एरवी दिसत नाही, असे असेल तर प्रश्न परवानगीचा आहे. आपल्या वापरकर्त्याला ‘स्कॅनर’ या गटात घालून पुन्हा लॉगइन केल्यास तो बहुधा सुटतो. काही यंत्रांना चालू होताना एक फर्मवेअर फाइल, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम, संगणकाकडून घ्यावी लागते. ती विंडोजच्या ड्रायव्हर पॅकेजमधून काढून सेनच्या फोल्डरात ठेवावी लागते, म्हणून वर उलगडलेले पॅकेज फेकू नये.

ड्रायव्हर बसला, तरी स्कॅन होत नाही

मामांकडे ड्रायव्हर बसला, नाव योग्य जागी आले, आम्ही चहा घेतला, आणि स्कॅनचा प्रोग्राम म्हणाला की स्कॅनर सापडत नाही. दोष चौथ्या दुव्याचा होता. विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबून जी ‘रन’ची चौकट येते, तिच्यात services.msc असे लिहून ‘सर्व्हिसेस’ उघडावे आणि यादीत ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ शोधावे. तिलाच थोडक्यात डब्ल्यूआयए म्हणतात, आणि ही सेवा बंद असेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी त्याच्याशी कोणी बोलत नाही. संगणकाचा वेग वाढवून देणाऱ्या एका मोफत प्रोग्रामने मामांच्या संगणकावर ती अनावश्यक ठरवून बंद केली होती. तिच्यावर दोनदा क्लिक करून ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ करावा आणि ‘स्टार्ट’ दाबावे. ती सुरू व्हायला नकार देत असेल, तर ‘शेल हार्डवेअर डिटेक्शन’ ही सेवा चालू आहे का ते पाहावे, कारण पहिली दुसरीवर अवलंबून आहे.

प्रोग्राम म्हणून मी नॅप्स२ सुचवतो. तो मोफत आहे आणि त्यात प्रोफाइल तयार करताना डब्ल्यूआयए आणि ट्वेन यांपैकी एक निवडता येते. प्रोग्राम आणि स्कॅनर यांनी एकमेकांशी बोलण्याच्या या दोन पद्धती. ट्वेन ही १९९२ पासूनची पद्धत. डब्ल्यूआयए विंडोजमध्ये २००० मध्ये आली. हाताने बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये पुष्कळदा फक्त डब्ल्यूआयएचा भाग येतो, म्हणून ट्वेनची यादी रिकामी दिसली तरी चिंता नाही. उलट बाजूने, ३२ बिटचा ट्वेन ड्रायव्हर ६४ बिटच्या प्रोग्रामला दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. आणखी एका गोष्टीवर पाणी सोडावे लागते : स्कॅनरच्या पुढच्या बाजूची बटणे कंपनीच्या सॉफ्टवेअरविना सहसा चालत नाहीत. संगणकावरून स्कॅन होत असेल, तर त्या बटणांसाठी आणखी एक दिवस घालवू नये.

वायफायवरच्या बहुउद्देशी प्रिंटरविषयी थोडक्यात. त्याचा आयपी पत्ता देऊन विंडोजमध्ये टीसीपी-आयपीने प्रिंटर जोडला, तर मिळते ती केवळ छपाई. स्कॅनर त्या वाटेने येत नाही. त्यासाठी कंपनीच्या स्कॅन प्रोग्राममध्ये पत्ता वेगळा द्यावा लागतो; एप्सन स्कॅन २ युटिलिटीत तशी सोय आहे. संगणक व यंत्र एकाच राउटरवर असावेत, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर नसावेत, विंडोजमध्ये ते जाळे ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले असावे, आणि राउटरमध्ये यंत्रासाठी पत्ता राखून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि स्कॅनर पुन्हा हरवतो.

पहिला कागद

पहिली चाचणी मौल्यवान कागदावर करू नये. वर्तमानपत्राचा तुकडा पुरतो. मग मापे ठरवावीत. ए४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या मापाने, रंगीत घेतला, तर चित्र २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे होते आणि न दाबलेल्या रूपात सुमारे २६ एमबी जागा घेते. ६०० डीपीआयला तेच चौपट, म्हणजे १०४ एमबी. लिखित कागदाला ३०० पुरे आहे. लहान फोटो मोठा करायचा असेल तरच ६०० घ्यावे. ऑनलाइन अर्जांत फाइल अमुक केबीच्या आत हवी म्हणून काही जण मूळ स्कॅनच १०० डीपीआयला करतात. त्याऐवजी मूळ प्रत ३०० ला ठेवावी आणि अर्जापुरती लहान प्रत तिच्यातून काढावी. छापील मराठी मजकूर शोधण्याजोगा हवा असल्यास नॅप्स२ मध्ये मराठी भाषेचा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारी सोय, उतरवून घेता येतो. हस्ताक्षराला आणि मोडीला त्याचा उपयोग नाही.

डाग पडलेले जुने कागद काळ्या-पांढऱ्या प्रकारात कधीही घेऊ नयेत. त्या प्रकारात प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा ठरवला जातो, आणि पाण्याचा तपकिरी डाग व फिकी झालेली शाई दोन्ही एकाच रंगाची होऊन बसतात. मामांच्या १९५८ च्या एका भाडेपावतीवर जांभळा शिक्का आणि त्यावर पुराच्या पाण्याची कड होती. काळ्या-पांढऱ्यात तो नुसता एक काळा ढग आला, आणि रंगीत घेतल्यावर शिक्क्यातले अक्षर न अक्षर लागले. पातळ कागदावर पाठची शाई उमटत असेल, तर झाकण लावण्याआधी कागदाच्या मागे काळा कागद ठेवावा. सुरकुतलेला कागद दाबण्यासाठी झाकणावर जाडजूड पुस्तके रचू नयेत, काच तडकते.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. उलगडलेला ड्रायव्हर फोल्डर, त्यात हार्डवेअर आयडीची नोटपॅड फाइल आणि कोणती आयएनएफ चालली त्याची एक ओळ, असे सगळे पेनड्राइव्हवर ठेवावे, कारण कंपन्या जुन्या मॉडेलांची पाने संकेतस्थळावरून काढून टाकतात. मामांनी त्याही पुढे जाऊन स्कॅनरच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीवर पीआयडी, काळ्या पोर्टची खूण आणि ‘आधी कुलूप काढा’ एवढे लिहिले आहे.